प्रतींची संख्या : मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अभ्यासाची प्रस्तावना

माणसाच्या बहुतेक पेशींत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. त्याच पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रती मात्र शेकड्यांनी, पुष्कळदा हजारांनी असतात आणि त्या साऱ्या आईकडून आलेल्या असतात. स्त्रीबीजात त्या लाखाच्या घरात जातात. पक्व तांबड्या रक्तपेशीत एकही उरत नाही. हृदयाच्या स्नायूला जितक्या लागतात तितक्या त्वचेच्या पेशीला लागत नाहीत. प्रत्येक ऊती आपापला आकडा सांभाळते, आणि तो सांभाळता आला नाही की आजार होतो. हा आकडा कोण ठरवते, तो मुद्दाम घटवता येतो का, शून्यावर नेता येतो का, पुन्हा वर आणता येतो का, आणि असे केल्याने आजारांविषयी काय कळते, या प्रश्नांभोवती गेल्या चार दशकांत एक अभ्यासशाखा उभी राहिली आहे. तिच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी हे लेखन आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते मुंबईच्या उपनगरांतले विद्यार्थी : मुलुंडच्या वझे-केळकरमध्ये, घाटकोपरच्या झुनझुनवालामध्ये, अंधेरीच्या भवन्समध्ये किंवा पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणारे, हातात पहिल्यांदा पिपेट धरणारे. त्यांना हा विषय परदेशी पुस्तकातला वाटू नये असे मनापासून वाटते. तसा तो नाहीही. पेशीतल्या या प्रती वाढवण्याचे एक महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले आणि त्याचा एक धागा विलेपार्ल्यात आहे. त्या प्रती घटवणारे एक औषध या शहराने लाखो रुग्णांपर्यंत पोहोचवले, आणि त्याने आधी जीव वाचवले. या दोन्हींकडे पुढे येऊ. माझे म्हणणे आधीच सांगतो : मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत काय लिहिले आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते किती प्रतींत आहे हेही महत्त्वाचे, आणि हे दुसरे नुसते पाहून कळत नाही, बदलून पाहावे लागते.

मायटोकॉन्ड्रिया, शालेय पुस्तकांतली तंतुकणिका, हिला स्वतःचा डीएनए आहे हे मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी १९६३ साली कोंबडीच्या भ्रूणपेशींत दाखवले. १९८१ साली केंब्रिजच्या गटाने माणसातल्या या डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. १६,५६९ आधारजोड्यांचे लहानसे वर्तुळ, त्यावर ३७ जनुके. त्यांतली २२ वाहक आरएनएची, २ रायबोसोमल आरएनएची आणि फक्त १३ प्रथिनांची. ही तेराही प्रथिने श्वसनशृंखलेत, म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेत बसतात. मायटोकॉन्ड्रियातली बाकीची हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत जातात. या डीएनएची नक्कल करणारे पॉलिमरेज गॅमा, त्याचे दोन पदर उलगडणारे ट्विंकल आणि त्याला गुंडाळून ठेवणारे टीफॅम, ही तिन्ही केंद्रकाचीच देणगी. म्हणून प्रती मायटोकॉन्ड्रियात असल्या तरी त्यांची संख्या बहुतांशी केंद्रक ठरवते. ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की झाली तर पुढचे अर्धे गोंधळ टळतात.

१९८८ हे वर्ष या क्षेत्रात मैलाचा दगड ठरले. लंडनमध्ये होल्ट, हार्डिंग आणि मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूंच्या विकाराच्या काही रुग्णांत या वर्तुळाचा मोठा तुकडा गळालेला पाहिला. त्याच वर्षी अटलांटात डग्लस वॉलेस यांच्या गटाने तरुण वयात दृष्टी घालवणाऱ्या लेबर विकाराचे मूळ याच डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलात शोधले. दोन वर्षांत अपस्माराशी (मर्फ हा विकार) आणि तरुण वयातल्या पक्षाघातासारख्या झटक्यांशी (मेलास हा विकार) जोडलेले आणखी बदल सापडले. सोबत एक नवी अडचणही आली. बिघडलेल्या आणि धडधाकट प्रती एकाच पेशीत एकत्र नांदतात. बिघडलेल्यांचे प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे, बहुतेक वेळा ६० ते ९० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच पेशी थकते. रुग्णाची पेशी थकलेली दिसली तर दोष तिच्या केंद्रकाचा की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा? दोन्ही एकाच पेशीत असताना याचे उत्तर देता येत नाही. ते हवे तर आधी अशी पेशी पाहिजे जिच्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुळीच नाही.

अशी पेशी यीस्टने कधीच दाखवून ठेवली होती. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी यीस्टला ॲक्रिफ्लेविन हे रंगद्रव्य दिले तेव्हा खुज्या वसाहती उगवल्या. त्यांना श्वसन करता येत नव्हते, आंबवणीवर त्या जगत होत्या. पुढे कळले की अशा वसाहतींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिघडलेला किंवा पार नाहीसा झालेला असतो. पार नाहीसा झालेल्या पेशीला 'ऱ्हो-शून्य' म्हणतात, आणि हे नाव माणसाच्या पेशींपर्यंत आले. पण प्राण्यांच्या पेशी यीस्टसारख्या सोशीक नसतात; त्या मरत. मॉन्ट्रियलमध्ये रेझाँ मोरे यांच्या गटाने १९८०च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणपेशी एथिडियम ब्रोमाइडमध्ये वाढवल्या आणि त्या जगण्यासाठी युरिडिन लागते हे ओळखले. १९८९ साली कॅलिफोर्नियात किंग आणि अट्टार्डी यांनी हाडाच्या कर्करोगातून वाढवलेल्या मानवी पेशींवर हेच करून पूर्णपणे ऱ्हो-शून्य पेशी मिळवल्या.

एथिडियम ब्रोमाइड आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. जेलवर अतिनील प्रकाशात नारिंगी पट्टे उजळतात ते याच्यामुळे. हातमोजे घाला, वेगळ्या डब्यात टाका, अशी ताकीद मिळते तीही याच्यामुळे. डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसणे हा त्याचा गुण. मग ते केंद्रकाचा डीएनए सोडून मायटोकॉन्ड्रियाच्या मागे का लागते? एक कारण विजेचे आहे. मायटोकॉन्ड्रियाचा आतला भाग ऋणभारित असतो आणि एथिडियमचा रेणू धनभारित, त्यामुळे तो आत ओढला जाऊन तिथे साठतो. म्हणून मिलिलिटरला पन्नास नॅनोग्रॅमच्या आसपासची अगदी सौम्य मात्राही या छोट्या वर्तुळाची नक्कल थांबवायला पुरते आणि केंद्रकाची विभागणी चालूच राहते.

नक्कल थांबली, पेशी मात्र विभागत राहिली, की पुढचे गणित सोपे आहे. प्रत्येक विभाजनात प्रती निम्म्या होतात. हजारभर प्रती असतील तर दहा विभाजनांनंतर सरासरी एक उरेल. प्रत्यक्षात अडथळा शंभर टक्के नसतो म्हणून कित्येक आठवडे लागतात, आणि मध्येच द्रव्य काढून घेतले तर उरलेल्या मूठभर प्रतींतून काही दिवसांत संख्या पुन्हा भरून येते. या भरून येण्याचाही अभ्यासाला उपयोग होतो : कोणत्या पेशीत ते वेगाने होते, कोणत्या औषधाने मंदावते, रुग्णाच्या पेशीत ते अडते का. चेतापेशी विभागत नाही, तिथे हे गणित लागू पडत नाही. तिच्यात जुन्या प्रती आपोआप झिजेपर्यंत वाट पाहावी लागते. पेशी निवडताना हा फरक ध्यानात ठेवला नाही तर महिन्याचे काम वाया जाते.

आता युरिडिन आणि पायरुवेट. प्रयोगाच्या कृतीत ही दोन नावे मीठ घालावे तशी एका ओळीत येतात आणि विद्यार्थी ती न विचारता मिसळतात. इथे थांबायला हवे, कारण मायटोकॉन्ड्रिया पेशीसाठी ऊर्जेखेरीज काय करते हे या दोन द्रव्यांतून जितके स्पष्ट होते तितके कशातूनच होत नाही. डीएनए आणि आरएनएला लागणारे पिरिमिडिन पेशी स्वतः बनवते. त्या वाटेवरचे एक विकर, डायहायड्रोओरोटेट डिहायड्रोजनेज, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर बसलेले असते आणि आपले इलेक्ट्रॉन श्वसनशृंखलेला देते. शृंखला बंद पडली की ते इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी नसते, विकर थांबते, पिरिमिडिन बनत नाहीत आणि पेशीला विभागता येत नाही. बाहेरून युरिडिन दिले की हा अडथळा ओलांडला जातो. पायरुवेटचे काम वेगळे. श्वसन नसलेली पेशी साखरेच्या पहिल्या टप्प्यातल्या विघटनावर जगते आणि तिच्यात एनएडीएच साचत जाते. पायरुवेटचे लॅक्टेट होताना ते पुन्हा एनएडी होते आणि गाडे चालू राहते. म्हणजे ऱ्हो-शून्य पेशी नुसत्या उपासमारीने मरत नाही. इलेक्ट्रॉन कुठे टाकायचे आणि अक्षरे कशापासून बनवायची, या दोन प्रश्नांवर ती अडते. एखाद्या विकारात श्वसन बिघडले म्हणजे फक्त एटीपी कमी पडले, असे धरून चालणाऱ्यांनी या दोन बाटल्यांकडे नीट पाहावे.

ऱ्हो-शून्य पेशीत नक्कल करणारी सगळी यंत्रणा शाबूत असते, कारण ती केंद्रकातून येते. तरीही गेलेला डीएनए तिला परत बनवता येत नाही. दूध कितीही असो, विरजणाशिवाय दही लागत नाही, तसेच हे : नक्कल करायला निदान एक मूळ प्रत लागतेच. ती कुठून आणायची याचे उत्तरही किंग आणि अट्टार्डी यांनी दिले. केंद्रक काढलेली दुसऱ्या माणसाची पेशी ऱ्हो-शून्य पेशीशी एकरूप करायची, किंवा सूक्ष्म सुईने मायटोकॉन्ड्रिया आत सोडायच्या. आत गेलेल्या प्रती वाढतात आणि पेशी पुन्हा श्वास घेऊ लागते, युरिडिनवाचून जगू लागते. अशा संकरित पेशीला सायब्रिड म्हणतात. रक्तातल्या बिंबिका या कामासाठी फार सोयीच्या, कारण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया असतात आणि केंद्रक नसतेच. एकाच ऱ्हो-शून्य पेशीरेषेच्या पेशींत एका बाजूला रुग्णाच्या आणि दुसऱ्या बाजूला निरोगी माणसाच्या मायटोकॉन्ड्रिया भरल्या तर केंद्रक दोन्हीकडे तेच राहते. फरक उरला तर तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा. मेलास आणि मर्फ या विकारांतल्या बदलांचा दोष अशाच सायब्रिडमधून निर्विवाद सिद्ध झाला. पार्किन्सन आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या बिंबिकांवरही १९९०च्या दशकापासून असे प्रयोग झाले. तिथले निष्कर्ष माझ्या मते अजून तितके घट्ट नाहीत, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच.

शून्य हा टोकाचा आकडा झाला. आजार बहुतेक वेळा मधल्या आकड्यांवर होतात. मधल्या आकड्यांची सगळ्यात मोठी, न ठरवता घडलेली शिकवण माणसांतच मिळाली, आणि तिच्यात मुंबई आहे.

एचआयव्हीचा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो. झिडोव्हुडिन, डिडॅनोसिन, झाल्सिटाबिन, स्टॅव्हुडिन ही औषधे डीएनएच्या अक्षरांसारखी दिसतात. विषाणूचे विकर ती साखळीत ओवते आणि साखळी तिथेच तुटते. पॉलिमरेज गॅमाही याला फसते. केंद्रकातल्या पॉलिमरेजांपेक्षा ते अशी खोटी अक्षरे कितीतरी सहज घेते. परिणाम असा की औषध घेणाऱ्याच्या काही ऊतींत मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रती हळूहळू घटत जातात. २००१ साली मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन एका गोळीत आणले. त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला हे तीन औषधांचे उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमीत देऊ केले. तोवर श्रीमंत देशांत त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक पडत होते. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सर्वाधिक लागण असलेल्या राज्यांत मोफत उपचार सुरू केले, तेव्हाही स्टॅव्हुडिन त्यांत होते. या गोळीने लाखो माणसे जगवली. हे वाक्य आधी आणि ठळक लिहिले पाहिजे.

त्यानंतर पुढचे. महिनोन्‌महिने स्टॅव्हुडिन घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे तळपाय जळत, बधिर होत. चेहऱ्यावरची चरबी झडून गाल बसत, आणि जो आजार माणूस शेजाऱ्यांपासून लपवत असे तो चेहऱ्यावर दिसू लागे. काहींच्या रक्तात लॅक्टेट साचून जीव धोक्यात येई. ऱ्हो-शून्य पेशीला पायरुवेट का लागते हे ज्याला कळले त्याला हे लॅक्टेट ओळखीचे वाटेल. २००२ साली व्हॅन्कूव्हरच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियल आणि केंद्रकीय डीएनएचे गुणोत्तर मोजले. लॅक्टेट वाढलेल्यांत ते घटलेले होते आणि औषध थांबवल्यावर वर आले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. पुढे आपल्याकडेही टेनोफोव्हिर त्या जागी आले, जे पॉलिमरेज गॅमाला फारसे छेडत नाही. प्रयोगशाळेत हीच औषधे आता आपण हत्यार म्हणून वापरतो. झाल्सिटाबिन, म्हणजे डायडीऑक्सीसायटिडिन किंवा रोजच्या बोलण्यातले डीडीसी, ठरावीक मात्रेत दिले की प्रती ठरावीक प्रमाणात खाली येतात आणि काढून घेतले की परत वाढतात. केंद्रकाच्या डीएनएला इजा पोचवण्याची धास्ती एथिडियमइतकी राहत नाही. मधल्या आकड्यांवर पेशी थांबवून पाहायची असेल तर माझी पसंती यालाच.

याच्या शेजारी एक कटू प्रकरण ठेवावेसे वाटते. १९९३ साली अमेरिकेत कावीळ-ब वर फियाल्युरिडिन या औषधाची चाचणी झाली. पंधरा रुग्णांपैकी सात जणांची यकृते निकामी झाली, पाच दगावले, दोघे यकृत बदलल्यामुळे वाचले. आधीच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. नंतर एक कारण उमगले : हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेणारे वाहक प्रथिन माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात असते, उंदराच्या मायटोकॉन्ड्रियात नसते. कोणत्या प्राण्याची, कोणत्या ऊतीची पेशी घेतली, ही बाब पद्धतीच्या परिच्छेदात दडवण्याइतकी किरकोळ नाही.

औषधाशिवायही हा आकडा कोसळतो. १९९१ साली मोराएस आणि सहकाऱ्यांनी काही तान्ह्या बाळांत असे विकार वर्णिले, ज्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतले एकही अक्षर चुकलेले नव्हते, फक्त प्रती जवळजवळ संपल्या होत्या. बाधित ऊतीत ही घट ९८ टक्क्यांपर्यंत होती. दोष सापडले ते केंद्रकातल्या जनुकांत : पॉलिमरेज गॅमा, ट्विंकल, आणि डीएनएचा कच्चा माल पुरवणारी टीके-२सारखी विकरे. विभागणाऱ्या पेशीत हा कच्चा माल मुबलक असतो. स्नायूसारख्या न विभागणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाला तो स्वतःच गोळा करावा लागतो, म्हणून टीके-२ बिघडले की आधी स्नायू ढासळतात. हे समजल्यावर उपाय सुचायला वेळ लागला नाही : तो कच्चा माल बाहेरून द्यायचा. टीके-२ बिघडवलेल्या उंदरांत त्याने प्रती वाढल्या आणि आयुष्यही वाढले. मग तो रुग्णांपर्यंत गेला. अक्षर न दुरुस्त करता केवळ संख्या सावरून आजार मागे रेटता येतो, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

इथून वाढवण्याकडे वळू. टीफॅम हे प्रथिन डीएनएच्या वर्तुळाला गुंडाळून घट्ट पुडी करते. एका वर्तुळावर त्याचे सुमारे हजार रेणू बसतात. स्टॉकहोममध्ये लार्सन यांच्या गटाने १९९८ साली उंदरांत टीफॅमचे जनुक काढले. दोन्ही प्रती काढलेली पिल्ले गर्भातच गेली, एक प्रत काढलेल्यांत मायटोकॉन्ड्रियल डीएनए घटला. टीफॅम वाढवले की प्रतीही वाढतात, मात्र बेसुमार वाढवले तर पुडी इतकी आवळली जाते की जनुके वाचलीच जात नाहीत. २०१९ साली याच परंपरेतल्या एका प्रयोगात वाहक आरएनएत दोष असलेल्या उंदरांत एकूण प्रती वाढवल्या. बिघडलेल्या प्रतींची टक्केवारी तीच राहिली, तरी लक्षणे सौम्य झाली. धडधाकट प्रतींचा निव्वळ आकडा वाढल्याने हे घडले असावे. उंबरठा टक्क्यांत मोजायची आपली सवय यानंतर पुन्हा तपासायला हवी.

त्याच २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मुंबईचा एक शोधनिबंध आला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या प्रयोगशाळा, आणि विलेपार्ल्यातल्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीचे वैद्यकीय संशोधन केंद्र, यांचे ते एकत्र काम. पहिले नाव साशैना फनिबंदा यांचे, सहलेखकांत अशोक वैद्य. प्रश्न असा होता : सेरोटोनिन, जो रेणू आपण मनाच्या स्थितीशी जोडतो, तो चेतापेशीच्या ऊर्जेशीही काही बोलतो का? उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशी वाढवून त्यांना सेरोटोनिन दिले, तेव्हा मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे प्रमाण वाढले, एटीपीही वाढले, आणि मात्रा वाढवली तसा परिणामही वाढला. हा निरोप ५-एचटी२ए या ग्राहकातून आत जातो. तो ग्राहक अडवला किंवा जन्मतःच नसलेला उंदीर घेतला की परिणाम नाहीसा होतो. आत गेल्यावर सर्ट-१ आणि पीजीसी-१ अल्फा ही जोडी जागी होते, आणि पीजीसी-१ अल्फा म्हणजे नव्या मायटोकॉन्ड्रिया बनवण्याच्या आदेशाचे मुख्य टोक. टीफॅम त्याच्या हाताखाली येते. सेरोटोनिन मिळालेल्या चेतापेशी अतिउत्तेजनाच्या आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यात अधिक तगल्या.

या निबंधाचे मोल मला वाटते ते असे. टीफॅमच्या प्रयोगांत प्रती वाढवणे म्हणजे जनुकात फेरफार करणे. इथे पेशीच्या बाहेरचा, शरीरात रोज वाहणारा एक संदेश हा आकडा हलवतो हे दिसले. नैराश्यावरची औषधे सेरोटोनिनभोवतीच फिरतात, त्यामुळे पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. अंधेरी-पार्ल्याच्या विद्यार्थ्याला या कामाचे एक टोक चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही साधी गोष्टही मला आनंदाची वाटते.

मोजण्याविषयी थोडे, कारण या क्षेत्रातल्या चुका बहुधा तिथे होतात. रीत सोपी दिसते : क्यूपीसीआरने एक मायटोकॉन्ड्रियल जनुक मोजा, एक केंद्रकातले मोजा, भागाकार करा. पण केंद्रकाच्या गुणसूत्रांतही मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे जुने तुकडे येऊन बसलेले आहेत. प्रायमर त्यांना चिकटला तर ऱ्हो-शून्य पेशीतही डीएनए 'सापडतो'. म्हणून प्रायमर आधी ऱ्हो-शून्य पेशीवर तपासावेत. डीएनए काढण्याची पद्धत बदलली की लहान वर्तुळे कमीजास्त निघतात, त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे एकाच आलेखात मांडू नयेत. रक्ताचा नमुना तर फारच फसवा. बिंबिकांना मायटोकॉन्ड्रिया असतात, केंद्रक नसते. त्या जास्त आल्या की गुणोत्तर फुगते. २०२३ साली अडीच लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात रक्तातल्या प्रतींचा मधुमेह-हृदयविकाराशी दिसणारा संबंध, रक्तपेशींचे मिश्रण लक्षात घेताच बहुतांश विरला. घटलेला आकडा आजाराचे कारण असू शकतो, आजाराची खूण असू शकतो, किंवा नमुन्यात कोणत्या पेशी आल्या याची नोंदही असू शकतो.

ऱ्हो-शून्य पेशीविषयीही एक सावधगिरी. ती म्हणजे मूळ पेशी वजा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, असे सरळ गणित नसते. तिच्या केंद्रकातली शेकडो जनुके नव्या परिस्थितीशी जुळवून घेत चढउतार करतात, आणि आठवडेच्या आठवडे एथिडियममध्ये राहून केंद्रकातही बदल होऊ शकतात. तुलनेसाठी मूळ पेशी तर हवीच, शिवाय त्याच ऱ्हो-शून्य पेशीत निरोगी मायटोकॉन्ड्रिया परत भरून केलेली सायब्रिडही हवी. ती मूळ पेशीसारखी वागली तरच फरकाचे खापर डीएनएच्या अभावावर फोडता येते.

अलीकडे हत्यारे नेमकी झाली आहेत. बिघडलेली प्रतच ओळखून कापणारी विकरे मायटोकॉन्ड्रियात पाठवता येतात. कापलेली प्रत दुरुस्त न होता नष्ट होते, एकूण आकडा काही काळ उतरतो आणि उरलेल्या चांगल्या प्रती जागा भरून काढतात. २०२० साली डेव्हिड लियू आणि जोसेफ मूगस यांच्या गटांनी एका जिवाणूच्या विषारी प्रथिनापासून मायटोकॉन्ड्रियल डीएनएतले अक्षर बदलणारे साधन बनवले. क्रिस्परला लागणारा मार्गदर्शक आरएनए मायटोकॉन्ड्रियात नेणे अवघड असल्यामुळे ही वेगळी वाट काढावी लागली. कापणारे हत्यार वापरताना पेशीत पुरेशा प्रती शिल्लक नसतील तर त्या भरून येण्याआधीच पेशी मरते. म्हणजे अक्षरदुरुस्तीच्या उपचारालाही आकड्यांचे भान ठेवावे लागते.

जो या कामात येईल त्याने पहिले काही महिने नव्या हत्यारांकडे न जाता एक पेशीरेषा, डीडीसी आणि क्यूपीसीआर घ्यावे. प्रती किती दिवसांत निम्म्यावर येतात, औषध काढल्यावर किती दिवसांत परततात, कोणत्या आकड्याला पेशी युरिडिन मागू लागते, याचा स्वतःचा आलेख काढावा. उपनगरातल्या चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, पेशीसंवर्धनाची सोय असेल तर, हे होण्यासारखे आहे. मग पार्ल्याच्या धाग्याला हात घालावा. सेरोटोनिनने तगलेली चेतापेशी वाढलेल्या प्रतींमुळे तगते, की पीजीसी-१ अल्फाने त्याच वेळी हलवलेल्या इतर शेकडो गोष्टींमुळे? सेरोटोनिन द्यायचे, सोबत डीडीसीची अशी मात्रा शोधायची की प्रती पूर्वीच्याच आकड्यावर राहतील, वाढणारही नाहीत आणि घसरणारही नाहीत. मग तोच मारा द्यायचा आणि किती पेशी जगल्या ते मोजायचे. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे ती मात्रा ठरवायलाच बराच वेळ जाईल. शेजारी फक्त डीडीसी दिलेली बशी ठेवायला विसरू नये.